तियाला दवाखान्याची भीती वाटते

प्रश्न : ताई, मी एडिसनला राहते, न्यू जर्सी. आमच्याकडे साफसफाईला एक बाई येतात, ग्वाटेमालाच्या, माझी मुलं त्यांना तिया म्हणतात, स्पॅनिशमध्ये मावशी. त्यांचा धाकटा सात वर्षांचा, इथेच जन्मलेला, त्याला दमा आहे. परवा कळलं की त्यांनी त्याचं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा, रिन्यूच केलं नाही, पत्ता सरकारकडे गेला तर नवऱ्याला इमिग्रेशनवाले उचलतील म्हणून. पंप संपला की शेजारणीच्या पोराचा वापरतात! मी म्हटलं काही होत नाही, बिनधास्त जा, तर त्या नुसत्या हसल्या. मी काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी ते "काही होत नाही" परत घे गं. तशी खात्री तू देऊच शकत नाहीस. हॉस्पिटल, शाळा अशा ठिकाणी शक्यतो धरपकड करायची नाही अशी जी जुनी सूचना होती ती जानेवारी २०२५ मध्ये काढून टाकली, आणि त्याच वर्षी मेडिकेडवाल्यांची माहिती इमिग्रेशन खात्याकडे दिली गेली. तिया अडाणी म्हणून घाबरत नाहीयेत, त्यांना सगळं नीट कळतंय.

पण भीती कायद्याच्याही पुढे धावते, हे मी इथल्या एका क्लिनिकमध्ये व्हॉलंटियर करताना बघितलंय. २०१९ चा पब्लिक चार्जचा नियम आठवतो का, सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल असा? त्यात लहान मुलांचं मेडिकेड मोजणारच नव्हते, तरी आयांनी पोरांची नावं काढली. २०२१ ला तो नियम गेला, २०२२ च्या नियमात स्पष्ट आलं की मुलानं घेतलेली मदत आईबापाच्या खात्यावर धरायची नाही, आणि आता नोव्हेंबर २०२५ ला तोही रद्द करायचा प्रस्ताव आला. दर दोन-तीन वर्षांनी असं बदलत राहिलं तर विश्वास ठेवायचा तरी कशावर?

म्हणून मेडिकेड रिन्यू करायच्या आधी त्यांना फुकट सल्ला देणाऱ्या एखाद्या संस्थेच्या इमिग्रेशन वकिलाकडे घेऊन जा, नवऱ्याची केस बघून तोच सांगेल. तोवर पोराला पंप हवाच. कम्युनिटी हेल्थ सेंटरला फोन कर, तिथे कमाई बघून फी घेतात, आणि इमिग्रेशनचे कागद विचारता का तेही फोनवरच विचारून घे. रात्री श्वास कोंडला तर मात्र थेट इमर्जन्सी, १९८६ च्या कायद्यानं तिथे कोणालाही तपासून स्थिर करावंच लागतं, पैसे असोत नसोत, कागद असोत नसोत. पण तिथे त्या वेळेपुरतं बघतात, रोजचं औषध कोण देणार. आणि हेल्थ सेंटरमधली एखादी प्रोमोतोरा शोध, म्हणजे त्यांच्याच वस्तीतली, त्यांच्याच भाषेत बोलणारी आरोग्यसेविका, आपल्याकडच्या आशाताईंसारखी. तू-मी दहा वेळा सांगून जे होणार नाही ते तिच्या एका घरभेटीत होतं, मी पाहिलंय.

आता आपल्या मराठी मंडळाबद्दल. तू विचारलं नाहीस पण मला राहवत नाही. आपल्यात लगेच म्हणतात, आम्ही कायदेशीर आलो, आमचा काय संबंध. अगं १९९६ च्या कायद्यानं ग्रीन कार्ड मिळाल्यावरही बहुतेकांना मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागतं, ते आपण बोलावलेल्या आईबाबांनाही लागू आहे! न्यू जर्सीत जानेवारी २०२३ पासून कमी उत्पन्नाच्या घरातल्या १९ वर्षांखालच्या मुलांना कागद नसले तरी फॅमिलीकेअर, म्हणजे राज्याचा सरकारी विमा, मिळतं ना, ते काही आपोआप नाही झालं, त्यासाठी संस्था ट्रेंटनला, राज्याच्या राजधानीला, खेटे घालत होत्या. मतदार असशील तर आपल्या असेंब्ली मेंबरच्या ऑफिसला फोन कर, म्हण ही योजना कापू नका आणि ही माहिती कोणाला देऊ नका. मंडळातल्या अजून चारजणींना करायला लाव.

फक्त तिथे तियांचं नाव, गाव, काही सांगू नकोस, त्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि या शनिवारी क्लिनिकला गाडी तू काढ.