ईसीजी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) सगळं नॉर्मल आहे, तरी छातीत धडधड होते. काय करावं?

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे तुमची धडधड खोटी, असं अजिबात नाही. साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांची नोंद घेतो. नेमकं तेव्हा धडधडलं नाही तर त्यात दिसणार कसं? त्रास रोजचा असेल तर 24 तासांचं होल्टर (ठोक्यांची सतत नोंद घेणारं अंगावरचं छोटं यंत्र) लावून घ्या. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) राहिलं असेल तर तेही करा. रक्त कमी असलं तरी धडधडतं, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये ते सर्रास आढळतं.

एवढं करूनही काही गंभीर निघालं नाही तर बऱ्याचदा ते एक्टोपिक ठोके असतात. एक ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर खंड पडतो, आणि तेवढ्यात हृदयात जास्त रक्त भरल्यामुळे पुढचा ठोका जोरात पडतो. ‘ठोका चुकला’ असं वाटतं ते यामुळेच. हृदय निरोगी असेल तर हे ठोके सहसा निरुपद्रवी असतात. डाव्या कुशीवर झोपल्यावर जास्त जाणवतात. कूस बदलून बघा.

खरा छळ भीतीचा असतो. घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, त्याने ठोके आणखी वाढतात. म्हणून सारखी नाडी बघणं सोडा, स्मार्टवॉच काही दिवस कपाटात ठेवा. चहा-कॉफी, तंबाखू, दारू, जागरण यांतलं काय बाधतं ते एकेक कमी करून पाहा.

घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला किंवा व्यायाम करतानाच धडधड सुरू झाली, तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका, लगेच दवाखाना गाठा.