लेझरनंतर दोन्ही बाळं वाचतील का, आणि वाचली तर नॉर्मल असतील का?

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की जोडपं खुर्चीत बसायच्या आधीच मला अंदाज येतो. एकच वार (प्लॅसेंटा) असलेली जुळी, पाचवा महिना, सोनोग्राफीत एका बाळाभोवतीचं पाणी जवळजवळ संपलेलं आणि दुसऱ्याभोवती भरमसाठ वाढलेलं. डॉक्टरांनी टीटीटीएस (एका जुळ्याचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाण्याचा आजार) असं नाव सांगितलेलं असतं आणि लेझर करायचं की नाही ते लवकर ठरवा म्हणून इकडे पाठवलेलं असतं. मी समुपदेशक आहे, ऑपरेशन करत नाही, पण ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे प्रश्न बहुतेक माझ्याच टेबलावर येतात. एका जोडप्याचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नवऱ्याने मोबाइलमध्ये तीन आकडे लिहून आणले होते, ९०, ६५ आणि ७६. एक डॉक्टरांकडून, दुसरा एका ओळखीच्याकडून आणि तिसरा नेटवरून. "मॅडम, यातला खरा कोणता? कोणीतरी फसवतंय ना आम्हाला?" तो चांगलाच चिडला होता. ती काहीच बोलत नव्हती, पोट इतकं ताणलेलं की धड टेकून बसता येईना, म्हणून आधी तिला कुशीवर झोपवलं आणि मग आम्ही बोलायला लागलो.

तर तिन्ही आकडे खरे होते, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची आणि वेगवेगळ्या काळातली उत्तरं होती.

आधी आजार थोडक्यात. वार एकच असली की दोघांच्या रक्तवाहिन्या वारेवर एकमेकींना जोडलेल्या असतात, बहुतेकांची देवाणघेवाण नीट चालते, पण अशा जुळ्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांमध्ये रक्त एकाच बाजूला जास्त जायला लागतं. देणाऱ्या बाळाला लघवी कमी होते म्हणून त्याचं पाणी आटतं, घेणाऱ्याला जास्त होते आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात हे जोरात असेल आणि काहीच केलं नाही तर बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात. लेझरमध्ये काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण पोटातून गर्भाशयात घालून या जोडणाऱ्या रक्तवाहिन्या जाळून बंद करतात. बाळांना हात लावत नाहीत, काम सगळं वारेवर. (ही भीती फार जणींना असते, बाळाला भाजेल का म्हणून.)

आता आकडे. ९० म्हणजे शंभरातल्या किती गरोदरपणांत निदान एक तरी बाळ वाचतं, चांगल्या अनुभवी सेंटरमध्ये हे ८५ ते ९० च्या घरात असतं. ६५ म्हणजे दोन्ही वाचण्याचं प्रमाण, ते साधारण ६० ते ७०. आणि ७६ हा २००४ मध्ये छापून आलेल्या युरोपातल्या मोठ्या ट्रायलमधला, त्यात १४२ बायका होत्या, निम्म्यांना लेझर, निम्म्यांचं नुसतं जास्तीचं पाणी काढलं. निदान एक बाळ २८ दिवसांपर्यंत जगलं असं लेझरवाल्यांत ७६ टक्के, पाणी काढलेल्यांत ५६. डिलिव्हरीही लेझरवाल्यांची साधारण ३३ आठवड्यांना झाली आणि दुसऱ्यांची २९ ला, आणि बाळाच्या मेंदूच्या दृष्टीने हे चार आठवडे फार मोठे असतात. तेव्हा तंत्र नवं होतं, नंतर सुधारलं. २०१४ च्या ट्रायलमध्ये दिसलं की सुट्या रक्तवाहिन्या बंद करून न थांबता वारेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लेझरची सलग रेघ ओढली तर आजार परत येण्याचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १ वर येतं.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, सक्सेस रेट किती असं विचारूच नका. दोन्ही किती, निदान एक किती, आणि जगलेल्यांपैकी मेंदूचा त्रास किती जणांना, हे तीन प्रश्न वेगळे विचारा, आणि ते तुमच्या स्टेजला, म्हणजे आजार जितका पुढे गेलाय त्याला, काय असतं तेही विचारा. हिची स्टेज तिसरी होती, म्हणजे देणाऱ्या बाळाच्या नाळेतला रक्तप्रवाहही बिघडलेला, तेव्हा दोन्ही वाचण्याचा आकडा मी तिला थोडा खालचाच धरायला सांगितला.

खरी भीती मात्र सासूबाईंनी बोलून दाखवली, त्या इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. "ऑपरेशन करून वाचवायचं आणि मग मूल जन्मभर अंथरुणाला खिळलेलं, त्यापेक्षा देवाच्या मनात असेल ते होऊ दे." मला यात काही चुकीचं वाटत नाही, असं बोलणाऱ्या माणसाला निर्दयी ठरवणं मला आवडत नाही. मी म्हटलं, काकू, लेझर न केल्याने ही भीती कमी होत नाही, उलट वाढते. रक्तवाहिन्या जोडलेल्या असताना एक बाळ गेलं तर दुसऱ्याचं रक्त अचानक त्याच्याकडे ओढलं जातं आणि त्यात दुसऱ्याचा जीव किंवा मेंदू जायची भीती असते. लेझरनंतर हा रस्ताच बहुतेक वेळा बंद होतो. लेझर झालेल्या आणि जगलेल्या मुलांपैकी साधारण दहातल्या एकाला विकासाचा लक्षात येण्यासारखा त्रास राहतो, आणि त्यातही बाळ किती लवकर जन्मलं याचा वाटा मोठा असतो. दहातलं एक, हे कमी नाही. पण उरलेली नऊ पण आहेतच की.

मग तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "एक गेलं तर ते मी मारलं असं होईल का?" यावर मी लगेच काही बोलले नाही. मग तिला एवढंच सांगितलं की लेझर कुठलं बाळ ठेवायचं ते ठरवत नाही, दोघांचं रक्त वेगळं करतं, आणि त्यानंतर वारेचा आपापला हिस्सा कधी कधी एखाद्या बाळाला पुरत नाही, तो हिस्सा लहान असणं हे वार तयार होतानाच ठरलेलं असतं. तिच्या खाण्यापिण्याचा, जिने चढण्याचा, नोकरीचा याच्याशी काही संबंध नाही.

त्यांनी लेझर केलं. देणारं बाळ दोन दिवसांनी गेलं. नेटवर त्यांनी वाचलं होतं की एक गेलं की दुसऱ्याच्या मेंदूला २६ टक्के धोका, आणि नवरा तोच आकडा धरून बसला. तो आकडा लेझर न झालेल्या, एकच वार असलेल्या जुळ्यांचा आहे, तो यांना जसाच्या तसा लागू नव्हता. तरी चार आठवड्यांनी एमआरआय केला, दर आठवड्याला सोनोग्राफी, त्यात मेंदूच्या रक्तवाहिनीतला वेग बघायचा, म्हणजे बाळाला रक्त कमी पडतंय का ते कळतं. पाणी गळणं, ताप, पोटात कळा, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी निघायचं, हे मी नवऱ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, कारण पाणी लवकर फुटणं हा या ऑपरेशननंतरचा नेहमीचा त्रास आहे.

३२ आठवड्यांना मुलगी झाली. काही आठवडे काचेच्या पेटीत काढून घरी गेली. चालायला थोडा उशीर झाला, पण वय जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित तारखेपासून मोजलं तर उशीर म्हणावा असा नव्हताच, आणि ही मोजणी घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागली. दोन वर्षांच्या तपासणीत बोलणं जरा मागे निघालं, स्पीच थेरपी चालू आहे. गेलेल्या बाळाबद्दल घरात कोणी बोलत नाही ही तिची तक्रार होती, त्यासाठी ती अजूनही अधूनमधून माझ्याकडे येते, कधी एकटी, कधी नवऱ्याला घेऊन.

मागच्या भेटीत तिने विचारलं की पुढच्या वेळी पुन्हा असं होईल का. एकच वार असलेली जुळी होणं हे जवळजवळ नेहमी योगायोगानेच होतं, घराण्यातून येत नाही, आणि पुढच्या वेळी एकच बाळ असेल तर हा आजार होऊच शकत नाही. जुळी निघालीच तर अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार एक की दोन हे रिपोर्टवर लिहून घ्यायचं, आणि एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी.