पिंग जातंय, पण फाईल जाईना!

प्रश्न : सर नमस्कार, चिकोडीत आमचं अकाउंटचं ऑफिस आहे. जुना सर्व्हर घेऊन त्यावर उबंटू टाकलंय आणि केव्हीएमवर (लिनक्सची एकाच मशीनवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवायची सोय) तीन व्हीएम, म्हणजे असे आभासी कॉम्प्युटर, चालवतोय, रोज रात्री बॅकअप नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेज बॉक्सवर, जातो. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साईज, 9000 बाईट केला की स्पीड वाढतो असं ऐकलं म्हणून नॅसवर केला, होस्टच्या, म्हणजे त्या सर्व्हरच्या, कार्डवर केला, बॅकअपच्या व्हीएममध्ये पण केला. आता पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते बघायचं छोटं पॅकेट) जातंय, लॉगिन पण होतंय, पण मोठी फाईल टाकली की जागेवरच अडकतेय. काय करू?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : कारखाने सुरू झाले की तुमच्याकडं दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर बघताच की तुम्ही, मेन रोडनं झोकात येतो पण गावातल्या बोळात शिरला की अडकलाच, सायकलवाला मात्र बाजूनं आरामात जातो. तुमचं साधं पिंग म्हणजे ती सायकल, जेमतेम 84 बाईट. फाईल म्हणजे ट्रॅक्टर.

दोन्ही टोकांना तुम्ही 9000 केलंत पण मधलं काय? व्हीएममधून निघालेलं पॅकेट होस्टवरच्या टॅपमधून (व्हीएमच्या आभासी केबलचं होस्टकडचं टोक), म्हणजे ते व्हीनेट0 दिसतं ना त्यातून, ब्रिजवर, म्हणजे होस्टमधल्या सॉफ्टवेअरच्या स्विचवर, येतं, तिथनं कार्ड, मग स्विच, मग नॅस. यातला एक जरी 1500 वर राहिला तरी बोंब, कारण ब्रिज काय किंवा स्विच काय, राउटरसारखा तुकडे करत नाही आणि मोठं आलंय म्हणून उलटा निरोपही देत नाही, गुपचूप टाकून देतो.

कुठं अडकतंय ते आधी बघा. पिंगला 'मायनस एम डू' लावा म्हणजे तुकडे होणार नाहीत, आणि साईज 8972 द्या, कारण 28 बाईट हेडरच खातात. व्हीएममधून होस्टला मारा, मग होस्टवरून नॅसला. होस्ट ते नॅस जाईना तर माझा पहिला संशय स्विचवर, स्वस्तातल्या स्विचला जंबो फ्रेम, म्हणजे 1500 पेक्षा मोठी पॅकेटं, झेपतातच असं नाही, तिथं लिनक्सला शिव्या देऊन उपयोग नाही.

व्हीएम ते होस्टच अडत असेल तर 'आयपी लिंक' मारून टॅप आणि ब्रिजचे आकडे बघा. ब्रिजला हातानं आकडा दिला नसेल तर तो जोडलेल्यांतला सगळ्यात लहान आकडा घेतो, म्हणजे बाकीच्या दोन व्हीएमचे टॅप 1500 वर असले की ब्रिज पण खाली येतो. 'व्हर्श एडिट'नं, म्हणजे व्हीएमची सेटिंग बदलायच्या कमांडनं, व्हीएमच्या इंटरफेसमध्ये एमटीयू साईज 9000 लिहा, आणि मग व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करा हां, आतून रीस्टार्ट मारून भागत नाही, यात मी स्वतः अर्धा दिवस घालवलाय. होस्टवर नुसत्या कमांडनं दिलेला आकडा करंट गेला की गेलाच, तो नेटप्लॅनमध्ये (उबंटूची नेटवर्क सेटिंग कायम ठेवायची फाईल) लिहून ठेवा.

खरं विचाराल तर एवढ्यासाठी मी 9000 च्या नादाला लागलो नसतो. 1500 वर लाईनचा साधारण 95 टक्के भाग खऱ्या डेटाला मिळतो, 9000 वर 99. एक गिगाबिटच्या लाईनवर तेवढ्यानं तुमचा बॅकअप किती लवकर संपणार, त्यात जुन्या सर्व्हरची हार्डडिस्क तेवढी तरी पळते का ते आधी बघा. दहा गिगाबिटचं कार्ड घ्याल तेव्हा बघू, आत्ता सगळीकडं 1500 करा आणि आज रात्रीचा बॅकअप होऊ दे.