लॅबमधल्या लिव्हरसाठी थांबावं का?

तुम्ही विचारलंय: “वडिलांना सिरोसिस आहे, मुंबईच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट सांगितलंय. भाऊ म्हणतो, आता लॅबमध्ये लिव्हर बनवतात, दोन-तीन वर्षं कळ काढू. आम्ही दापोलीजवळ राहतो. थांबावं का?”

थांबू नका. का ते सांगते.

मी गुहागरची. लग्नाआधी चार वर्षं मुंबईत एका प्रयोगशाळेत उंदरांच्या यकृतपेशी वाढवायचं काम केलं. वाढवायचं कसलं, जगवायचं! पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्या देखण्या दिसतात. षटकोनी, कडा चकाकणाऱ्या, कित्येकींत दोन-दोन केंद्रकं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच पसरून चपट्या होतात, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी बनवतात. जिवंत असतात, पण यकृताचं काम विसरतात.

म्हणून त्यांना घर द्यायची युक्ती निघाली. घोसाळं वेलावरच वाळू दिलं, साल सोलून बिया झटकल्या, की अंग घासायची जाळी उरते ना, तसंच. जनावराच्या यकृतात त्याच्याच रक्तवाहिनीतून शॅम्पूत असतो तसला साबण सोडतात. पेशी धुऊन जातात आणि पांढुरकी जाळी उरते, शिरांच्या फांद्यांसकट. 2010 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी अशा जाळीत पेशी भरून ते यकृत उंदराला जोडलं. पण टिकण्याचा हिशेब काही तासांचाच होता. शिरांना आतून अस्तर नसलं की रक्ताचा जाळीतल्या उघड्या कोलॅजन या प्रथिनाशी संबंध येतो आणि रक्त गोठतं. शिवाय पेशी रक्तापासून 0.2 मिलिमीटरहून लांब गेली तर गुदमरते, आणि माणसाच्या सव्वा-दीड किलोच्या यकृतात अशा शंभर अब्जांहून जास्त पेशी. पित्ताच्या नळ्यांचं तर विचारूच नका.

जपानमध्ये ताकेबे यांच्या गटाने 2013 मध्ये मूलपेशींपासून यकृताची ‘कळी’ बनवली. उंदरात बसवल्यावर दोन दिवसांत तिच्यात रक्त खेळू लागलं. सुंदरच काम, पण आकार मुगाच्या दाण्याएवढा. 2024 मध्ये अमेरिकेत लायजेनेसिस कंपनीने एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) दात्याच्या यकृतपेशी सोडल्या. तीही चाचणीच, जाऊन मागावा असा उपचार नव्हे.

आता जरा आगाऊपणा करते. दाता म्हणून तुमच्या भावाचंच नाव पुढे आलंय का? आमच्या बाबांच्या ट्रान्सप्लांटच्या वेळी माझ्या दादालाही असलेच व्हिडिओ सापडायला लागले होते. घाबरला होता बिचारा, आणि ते बोलायची लाज वाटत होती. कोणी त्याला वेडंवाकडं बोललं नाही. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बसवून धोका सांगितला: यकृताचा उजवा भाग देणाऱ्यांत मृत्यू हजारी दोन ते पाच. मग त्याने आठवडाभर विचार करून दिलं. तीन महिन्यांनी सोनोग्राफीत त्याचं यकृत बरंचसं भरून आलेलं. जे आम्हाला लॅबमध्ये चार वर्षांत जमलं नाही, ते त्याच्या पोटात आंबे उतरवायच्या दिवसांत झालं. तेव्हा भावाला थेट विचारा. तो नको म्हणाला तरी भांडू नका. रुग्णालयामार्फत मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत वडिलांचं नाव घालता येतं.

आपल्याकडे ‘गणपती होऊ देत, मग बघू’ फार चालतं. इथे ते नको. पोटात पाणी होणं, बोलण्यात गोंधळ, काळी शी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी निघा. आणि कोणी गुळवेलीचा काढा दिला तर घेऊ नका. तो घेतल्यावर यकृत बिघडलेल्या रुग्णांची नोंद 2021 मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती.

पुढच्या खेपेला जाताना बिलिरुबिन (कावीळ), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) यांचे ताजे रिपोर्ट घ्या, आणि मेल्ड स्कोअर, म्हणजे यकृताचा आजार किती गंभीर आहे ते सांगणारा आकडा, किती ते विचारा. घरातल्या सगळ्यांचे रक्तगट कागदावर लिहून न्या. आमचे नव्हते, तेवढ्यासाठी रात्रीच्या एसटीची एक खेप फुकट गेली.