लग्नाला किती वर्षे झाली, यावर ग्रीन कार्डाची शर्त सुटत नाही

खानापूर तालुक्यातील एका भगिनीचा अमेरिकन नागरिकाशी मे 2022 मध्ये विवाह झाला. एप्रिल 2024 मध्ये त्या स्थलांतरित व्हिसावर तिकडे गेल्या आणि गेल्या ऑगस्टपासून वडिलांच्या आजारपणामुळे माहेरी आहेत. कार्डाची मुदत 20 एप्रिल 2026 रोजी संपते, पण विवाहाला दोन वर्षे कधीच उलटून गेली असल्याने परत गेल्यावर सावकाश नूतनीकरण केले तर चालेल का, असे त्या विचारतात. निपाणी-चिकोडीकडूनही अशी पत्रे येतात.

चालणार नाही. आपण वर्षे विवाहापासून मोजता आहात. अमेरिकेचा कायदा मात्र ही दोन वर्षे तिथले वास्तव्य मिळाल्याच्या दिवसापासून मोजतो. आपण तिथे उतरलात त्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नव्हती, म्हणून आपल्याला दहा वर्षांचे नव्हे, तर दोन वर्षांचे शर्तीचे कार्ड मिळाले. प्रवास महिनाभर पुढे ढकलला असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता. ही शर्त काढण्यासाठी आय-751 हा अर्ज दोघांच्या सह्यांनी, मुदतीपूर्वीच्या 90 दिवसांत, म्हणजे आपल्या बाबतीत 20 जानेवारीपासून 20 एप्रिलपर्यंत दाखल व्हावा लागतो. तसे न झाल्यास वास्तव्याचा हक्कच संपुष्टात येतो. उशीर झाल्यास सबळ कारण लेखी देता येते, परंतु वडिलांचे आजारपण ग्राह्य धरले जाईल अशी खात्री मी देणार नाही, कारण कार्डावर छापलेली तारीख वाचून एक सही करण्यास ते आड येत नव्हते.

अर्ज करण्यासाठी अमेरिकेत असणे बंधनकारक नाही, आणि त्यासाठी वकिलातीत खेटे घालण्याचीही गरज नाही. आजच सही करून तिची स्कॅन प्रत पतींना पाठवा. मूळ कागद कुरिअरने पोहोचण्याची वाट पाहू नका. सोबत संयुक्त बँक खाते, घरभाड्याचा करार, एकत्र भरलेले आयकर विवरण, विमा असे एकत्र संसाराचे पुरावे हवेत. नातेवाइकांची नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. कन्नडमधील कोणताही दाखला जोडल्यास त्याचे इंग्रजी भाषांतर, आणि ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे सही केलेले निवेदन, दोन्ही लागतात.

अर्ज पोहोचल्याची पावती कार्डाची मुदत सध्या 48 महिने वाढवते. ती मूळ पावती पतींकडून मागवून घ्या, कारण जुन्या कार्डासोबत तीच विमानतळावर दाखवावी लागेल. मात्र सलग एक वर्ष बाहेर राहिल्यास ही कागदपत्रे प्रवेशासाठी पुरेशी ठरत नाहीत आणि पुनर्प्रवेशाचा परवाना (जास्त काळ बाहेर राहून परत येण्यासाठीची आगाऊ परवानगी) इथे बसून मागता येत नाही, तेव्हा येत्या ऑगस्टपूर्वी आपल्याला परत गेलेच पाहिजे. मुलाखत लागेल की नाही, हे आज सांगता येणार नाही.

पती सही करण्यास तयार आहेत की नाहीत, याबद्दल आपण काहीच लिहिलेले नाही. तयार नसतील तर मार्ग वेगळा आहे, आणि ते मला याच आठवड्यात कळवा.