कॅनडात आईच्या ऑपरेशननंतर मिळालेल्या गोळ्यांच्या बाटलीवर पिवळा स्टिकर आहे. गोळ्या द्याव्यात की नाही?

द्या, पण डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच. आईंच्या तब्येतीत काही वेगळं दिसलं म्हणून तो स्टिकर लावलेला नाही. ऑक्टोबर 2018 पासून कॅनडात मॉर्फिन, कोडीन, ऑक्सिकोडोन असं अफूवर्गातलं औषध चिठ्ठीवर देताना फार्मसीला तो लावावाच लागतो. शरीराला सवय लागणं, व्यसन जडणं आणि ओव्हरडोस, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. सोबत माहितीचा कागदही देतात. तो फेकू नका, खरी कामाची माहिती त्यातच आहे.

या गोळ्यांनी श्वास मंदावतो, मुख्य धोका तो. त्यामुळे दारू बंदच, आणि आई झोपेच्या गोळ्या घेत असतील तर (आपल्याकडे बरेच ज्येष्ठ घेतात आणि सांगत नाहीत) आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास अडखळत असेल तर लगेच 911. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, त्याचं औषध आधीच मागून घ्या.

उरलेल्या गोळ्या ‘असू देत, कधीतरी लागतील’ म्हणून डब्यात ठेवू नका. फार्मसीत परत घेतात.