फ्लिपेजवर काम सुरू करताना

अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीतील, फ्लिपेज प्रथिने घडवणारी एएलए-१ ते एएलए-१२ ही बाराही जनुके एकदम हाती घेऊ नका. एएलए-३ पासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ही प्रथिने एटीपी या ऊर्जावाहक रेणूची ऊर्जा वापरून फॉस्फोलिपिड (पेशीपटल ज्यांचे बनते ते लिपिड) पटलाच्या पेशीद्रवाकडील थरात उलटवतात. मात्र एएलआयएस हा जोडीदार उपघटक नसेल, तर एएलए-३ अंतर्द्रव्यजालिकेतून (पेशीत अशी प्रथिने जिथे तयार होतात तिथून) बाहेरच पडत नाही.

चाचणी बहुधा स्वतःची फ्लिपेजे काढून टाकलेल्या यीस्टमध्ये होते: एनबीडी हा चमकणारा रेणू जोडलेले लिपिड पेशींना द्यायचे, बाहेर उरलेले अल्ब्युमिनने धुऊन काढायचे आणि आत गेलेल्याची चमक मोजायची. येथे तुलनेसाठी केवळ रिकाम्या प्लाझ्मिडवर (एएलए जनुक न घातलेल्या डीएनए-वर्तुळावर) भागवू नका. फॉस्फेट स्वीकारणारे अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल बदललेले निष्क्रिय प्रथिनही शेजारी हवेच, कारण परके प्रथिन पेशीत कोंबल्यानेही लिपिडचे प्रमाण बदलू शकते. शिवाय एनबीडी-लिपिडची एक मेदाम्ल-शृंखला सहसा नैसर्गिक लिपिडपेक्षा आखूड असते, त्यामुळे ‘एएलए-२ केवळ फॉस्फॅटिडिलसेरीन हे एकच फॉस्फोलिपिड नेते’ यांसारखे निष्कर्ष वनस्पतीला जसेच्या तसे लावणे मला घाईचे वाटते. रोपांकडे वळाल तेव्हा तापमानही बदलून पाहा. एएलए-१ दडपलेली रोपे थंडीत लक्षणीय खुजी राहतात, हे २००० साली प्रसिद्ध झाले आहे.